प्राणवायू आणि पाळण्यातले डोळे

श्रोतेहो, सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगले, की आपण म्हणतो, “आयुष्याची दोरी बळकट, म्हणून वाचलं!” पण वाचलेल्या मुलाची दृष्टीच गेली तर? एके काळी अशी हजारो मुले आंधळी झाली. आणि तीही जेथे डॉक्टर, इस्पितळे, पैसा कशाचीच वाण नव्हती, तेथे.

1942 साली अमेरिकेत बोस्टन येथे डॉ. थिओडोर टेरी यांनी या रोगाची नोंद केली. अपुऱ्या दिवसांच्या काही बाळांच्या बाहुलीमागे पांढुरका पापुद्रा दिसत होता. पुढच्या दहा-बारा वर्षांत या रोगाने जगभरात सुमारे 10,000 मुलांची दृष्टी नेली. नवल असे, की नव्या, सुसज्ज इस्पितळांतच तो अधिक!

कोणी उजेडाला दोष दिला, कोणी जीवनसत्त्वांना. 1951 साली मेलबर्नच्या डॉ. केट कँपबेल यांनी बोट ठेवले ते प्राणवायूवर. काचेच्या पेटीतल्या बाळाला तो सढळ हाताने दिला जाई. पण जीव राखणारा वायू डोळे नेईल, हे पटावे कसे? वॉशिंग्टनला डॉ. अर्नाल पॅट्झ यांनी काही बाळांना भरपूर, तर काहींना गरजेपुरताच प्राणवायू दिला. रात्रपाळीच्या काही परिचारिका मायेपोटी तो गुपचूप वाढवीत, बरं का! तरीही 1952 साली उत्तर आले. भरपूर प्राणवायू मिळालेल्या 28 बाळांपैकी 7 जणांचा रोग गंभीर झाला. कमी मिळालेल्या 37 पैकी एकाचाही नाही. 1954 साली 18 इस्पितळांच्या एकत्रित पाहणीनेही तेच सांगितले.

असे का होते? डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या मधून कडेपर्यंत पोचायला जवळजवळ पुरे नऊ महिने लागतात. मूल लवकर जन्मले आणि प्राणवायू फार झाला, की त्यांची वाढ खुंटते. मागाहून वेड्यावाकड्या, कमजोर वाहिन्या फुटतात आणि पडदा ओढून सोडवतात.

मग काय झाले? सगळ्यांनी हात इतका आखडला, की प्राणवायूवाचून बाळे दगावू लागली! गुरुजनहो, वर्गात हे अवश्य सांगा: चांगल्या हेतूलाही मोजमाप लागते. पुढे बाळाच्या रक्तातील प्राणवायू मोजून तो बेताने देण्याची रीत पडली. उपचारही सापडले. 1988 साली अतिशीत उपचाराचा गुण सिद्ध झाला, मग लेसर आला, आणि 2011 साली डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनाचा उपयोग दिसून आला.

पण उपचाराला वेळेची गाठ आहे. मूल 34 आठवड्यांआधी जन्मले, किंवा वजन 2 किलोहून कमी भरले, तर 30 दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञाकडून त्याचा पडदा तपासून घ्या. 28 आठवड्यांआधीचे किंवा 1,200 ग्रॅमहून हलके असेल, तर दोन-तीन आठवड्यांतच. डोळा बाहेरून छान दिसतो; त्यावर विसंबू नका. बाहुली पांढरी दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. आजीबाई म्हणतील, “सव्वा महिना बाळाला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही.” त्यांना आदराने सांगा, “आजी, बारसं थांबेल, पण डोळे थांबायचे नाहीत.”