‘लग्न’ आणि ‘म्होतूर’

‘लग्नाची बायको’ हा शब्दप्रयोग आपण सहज करतो. बायको लग्नाचीच असणार, मग हे विशेषण कशासाठी, असे एकदा तासाला एका विद्यार्थिनीने विचारले. ‘ठेवलेली’ हा विरोधी शब्द सांगून आम्ही मोकळे झालो. उत्तर अपुरे होते. जुन्या व्यवहारात ‘लग्नाची’ या शब्दासमोर आणखी एक शब्द उभा असे: ‘पाटाची’.

विधवेने किंवा काडीमोड झालेल्या स्त्रीने पुन्हा संसार मांडला, तर त्यास लग्न म्हणत नसत. तो ‘पाट’, बोलीत ‘म्होतूर’. पेशवाईत करही निराळे होते, एक ‘लग्नटका’ आणि दुसरा ‘पाटदाम’.

गंमत अशी की, मुळात दोन्ही शब्द पंचांगातले. पूर्व क्षितिजावर उगवणारी रास म्हणजे लग्न. दिवसभरात अशी बारा लग्ने होतात. त्या वेळेचे नाव पुढे विधीलाच मिळाले. ‘म्होतूर’ हे तर ‘मुहूर्ता’चेच बोलीरूप. पण एक शब्द मांडवात गेला आणि दुसरा अंधारात. हे अक्षरशः खरे आहे: पाट बहुधा रात्री, पुष्कळदा वद्य पक्षात, सवाष्णींच्या नजरेआड लागे. काही जातींत अविवाहित पुरुषाला विधवेशी पाट लावायचा, तर आधी त्याचे रुईच्या झाडाशी लग्न लावीत. झाडाशी झाले ते लग्न, आणि जिच्याबरोबर जन्म काढायचा तिच्याशी झाला तो पाट! या एका प्रथेत शब्दांमागचा सारा हिशेब उघडा पडतो, असे आम्हास वाटते.

एकोणिसाव्या शतकातील ब्राह्मण सुधारकांची अडचण येथेच कळते. विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने 1866 मध्ये विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन झाली. 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला. मराठीत ‘पाट’ हा रुळलेला शब्द असताना या मंडळींनी ‘पुनर्विवाह’ पसंत केला. त्यांना शास्त्रार्थ जिंकायचा होता, हे समजू शकते. पण शेजारच्या वाडीतील कुणब्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट त्यामुळे सुधारणेच्या इतिहासात अभावानेच आली, हेही नमूद केले पाहिजे.

1856 चा विधवाविवाहाचा कायदाही निव्वळ उदार नव्हता. पुनर्विवाह करताच विधवेचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क, जणू ती स्वतःच मेली असावी, तसा संपे. पाटाची रूढी आधीपासून असलेल्या जातींनाही मुंबई उच्च न्यायालयाने हे कलम लावले. अलाहाबादने नेमके उलट मत दिले.

1955 च्या हिंदू विवाह कायद्याने लग्न आणि पाट हा भेद ठेवला नाही. 1856 चा कायदा 1983 मध्ये रद्द झाला. त्या विद्यार्थिनीला पुढच्या तासाला आम्ही हे सांगितले. तिला ‘पाट’ ठाऊक होता, पण जेवायला बसण्याचा.