बांधकामस्थळांवरील पर्जन्यजल-प्रदूषण नियंत्रण (कल्याण-डोंबिवली)

बांधकामाच्या जागेवरून पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाणारी माती, सिमेंट, तेल व राडारोडा यांना आळा घालणारी नियमव्यवस्था. कल्याण परिसरातील असे पाणी नाले व वालधुनी नदीवाटे उल्हास नदीत व खाडीत पोहोचते. गाळाने नाल्यांची वहनक्षमता घटते आणि पाणी तुंबते.

अमेरिकेत १ एकर वा अधिक जमीन उकरताना पर्जन्यजल-निस्सारणाचा परवाना लागतो. भारतात यासाठी स्वतंत्र परवाना नाही. बंधने अनेक कायद्यांत विखुरलेली आहेत. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २४ नुसार प्रवाहात प्रदूषक पदार्थ सोडण्यास मनाई आहे. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार २०,००० चौ. मी. वा अधिक बांधकामक्षेत्राच्या प्रकल्पांना पूर्व पर्यावरण मंजुरी आवश्यक असते. सुपीक माती जपणे, पर्जन्यजलवाहिन्या बांधणे यांसारख्या अटी मंजुरीपत्रात असतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती वेगळी घ्यावी लागते.

राडारोड्याने नाले अडू नयेत, ही जबाबदारी २०१६ च्या बांधकाम कचरा नियमांनी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली. दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांहून अधिक कचरा होत असल्यास व्यवस्थापन आराखडाही बंधनकारक केला. १९८३ मध्ये स्थापन झालेली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका बांधकाम परवानगी देते व नाल्यांची देखभाल करते.

पावसाळ्यापूर्वी खोदकाम उरकणे, मातीचे ढीग झाकणे, गाळ बसण्यासाठी खड्डे घेणे आणि फाटकाशी वाहनांची चाके धुणे हे प्रमुख उपाय होत. मंजुरीची क्षेत्रमर्यादा न गाठणाऱ्या छोट्या बांधकामांवर मात्र देखरेख तोकडी पडते.