प्रत, पूर आणि पडताळा

आजचा विषय संगणकवाल्यांचा वाटेल. डेटा रेप्लिकेशन, म्हणजे एका स्टोरेजवरची माहिती दुसऱ्या स्टोरेजवर सतत उतरवत राहणं. पण आपण तत्त्वज्ञानाची माणसं. 'तीच' प्रत म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. नाशिकला तर तो फारच जुना आहे.

इथल्या तीर्थपुरोहितांच्या नामावळ्या घ्या. यजमानाचं गाव, कुळ, बरोबरची माणसं अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी त्यांत आहेत. कागद जीर्ण झाला की नव्या वहीत उतरवायचं. आता वही वाड्यात आणि वाडा गोदेकाठी! 1969, 2008, 2016 हे पूर आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेत. दुसरी वही त्याच वाड्यातल्या पेटीत असेल, तर तिला दुसरी प्रत म्हणायचं का? एकाच खोलीत दोन स्टोरेज ठेवणाऱ्यांनाही आपण हेच विचारू.

मग लांब ठेवू या. पण अंतराला किंमत पडते. रेप्लिकेशन समकालिक असेल, तर दोन्हीकडे लिहून झाल्यावरच 'झालं' असा निरोप मिळतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. नाशिकहून 1000 किलोमीटरवर जाऊन परत यायला किमान 10 मिलिसेकंद लागतात, तेही प्रत्येक नोंदीला. म्हणून लांबची प्रत बहुधा मागून पोहोचते, आणि मधल्या वेळात घात झाला तर तेवढं गेलं. किती मिनिटांचं गेलेलं चालेल, हे आधीच ठरवावं लागतं. शिवाय नोंदींचा क्रम मोडता कामा नये. जमा आधी आणि खर्च नंतर पोहोचला, तर मधल्या क्षणाचा हिशेब खोटाच.

प्रत पोहोचली, पण ती बरोबर आहे का? वेदपाठकांनी यावर केलेला उपाय थक्क करणारा आहे. क्रमपाठात पहिलं-दुसरं, दुसरं-तिसरं अशी पदांची साखळी. जटेत तीच जोडी सुलट, उलट, पुन्हा सुलट. घनात तीन पदांपर्यंत हा खेळ जातो. एक स्वर चुकला तर शेजारचं पद चुगली करतं. आजचा चेकसम याच जातीचा. (ही जपलेली प्रत किती जणांना ऐकूही दिली नाही, हा वेगळा आणि कडू विषय. 1930 चा काळाराम मंदिर सत्याग्रह याच गावातला.)

पडताळा नसला की काय होतं? म्हाइंभटांचं लीळाचरित्र तेराव्या शतकातलं. मूळ पोथी धाडीत गेली, ती शिष्यांच्या स्मरणातून पुन्हा उभी राहिली. ग्रंथ वाचला खरा, पण पाठभेदांसह. ज्ञानेश्वरी शके 1212 ची. पुढे नकला करताना इतके अपपाठ शिरले, की एकनाथांनी शके 1506 मध्ये प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यात कुणी आपली ओवी घालू नये, असं बजावलं. रेप्लिकेशनची खोच इथे आहे मंडळी. ते इमानदार असतं, म्हणून चूकही इमानानं उतरवतं. त्यासाठी जुन्या तारखेची, कुणाला बदलता न येणारी प्रत वेगळी लागते, आणि ती परत उघडून पाहण्याचा सराव लागतो. नुसती 'आहे' म्हणून चालत नाही.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या विभागात जुन्या व्याख्यानांच्या ध्वनिफिती संगणकावर घेतल्या होत्या. डिस्क दोन, एकीवर जे होईल ते क्षणात दुसरीवर. आम्ही निर्धास्त. एके दिवशी जागा करायची म्हणून आमच्यातल्याच एकानं चुकीचा फोल्डर पुसला. दुसऱ्या डिस्कवरूनही तो त्याच क्षणी पुसला गेला. ज्यांचे आवाज त्यात होते, त्यांतले बरेच जण तोवर गेले होते.

पुढे धुळ्याच्या एका माजी विद्यार्थ्याकडे, कधीतरी मागून नेलेल्या पेनड्राइव्हवर, तीन व्याख्यानं सापडली. त्यातल्या एकाचा शेवट तुटलेला आहे.