कमिट कोणी म्हणायचे? स्टोअर्ड प्रोसीजरमधील मुभा आणि मनाई यांचा इतिहास

एका खात्यातून पाचशे रुपये वजा झाले आणि दुसऱ्या खात्यात जमा होण्यापूर्वीच वीज गेली, तर ते पैसे कोणाचे? स्टोअर्ड प्रोसीजरमध्ये कोणती विधाने चालतात व कोणती नाहीत, ही वरवर रुक्ष वाटणारी यादी बरीचशी याच प्रश्नातून घडली आहे.

१९७० मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी डेटाबेसचे रिलेशनल प्रारूप मांडले. १९७४ मध्ये त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी त्यासाठी सीक्वेल ही भाषा सादर केली. तीच पुढे एसक्यूएल झाली. काय हवे ते माणसाने सांगावे, कसे शोधायचे ते यंत्राने ठरवावे, हा तिचा बाणा. त्यामुळे तिच्यात 'जर-तर'च्या शाखा नव्हत्या, लूप नव्हते. ही उणीव स्टोअर्ड प्रोसीजरने भरून काढली. सायबेसने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि ओरॅकलने १९९२च्या सातव्या आवृत्तीत ही सोय दिली. १९९६ मध्ये एसक्यूएल/पीएसएम या नावाने तिचे प्रमाणीकरण झाले.

खरा पेच होता 'कमिट'चा. ट्रान्झॅक्शन म्हणजे सगळे किंवा काहीच नाही. 'सिलेक्ट' चालू असताना तिने बोलावलेल्या फंक्शनने मध्येच कमिट केले, तर त्या सिलेक्टच्या पायाखालची जमीनच सरकते. म्हणून मायएसक्यूएलने २००५ मध्ये ५.० आवृत्तीत ही सोय आणताना प्रोसीजरला कमिटची मुभा दिली, फंक्शनला नाकारली. 'लॉक टेबल्स' मात्र दोघांनाही निषिद्ध ठरले. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये २०१८पर्यंत केवळ फंक्शनच होती. त्या वर्षीच्या ११व्या आवृत्तीत प्रोसीजर आली आणि तिला कमिटचा अधिकार मिळाला. पण बोलावणाऱ्याने आधीच ट्रान्झॅक्शन उघडलेले असेल, तर तो अधिकार तिला वापरता येत नाही.

चूक झाली तर सगळेच रद्द करावे लागते का? नाही. १९९२ मध्येच आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएममधील संशोधनातून 'एरीज' ही पद्धत प्रसिद्ध केली. तिचे सूत्र आपल्या पेढ्यांना परके नाही: आधी रोजकीर्द, मग खतावणी. बदल डिस्कवरील डेटात उतरण्याआधी त्याची नोंद लॉगमध्ये पोहोचते. त्या नोंदींच्या आधारे बंद पडलेली यंत्रणा सावरते, शिवाय ट्रान्झॅक्शनचा काही भागच मागे घेता येतो. अनेक प्रणालींत प्रोसीजरला 'सेव्हपॉइंट'ची मुभा आहे, ती यासाठीच: स्वतःचे पाऊल मागे घ्यावे, दुसऱ्याचा व्यवहार मोडू नये.

प्रोसीजरमधले कमिट नाकारले गेल्याचा संदेश पडद्यावर आला, की विद्यार्थ्याने व्याकरणाच्या चुका शोधण्याआधी एकच तपासावे: हे ट्रान्झॅक्शन उघडले कोणी?