हुकमाचे माहेर

राहुरीला आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला अजून चोपडी मांडतात. गेल्या वर्षी तिच्याशेजारी नातीचा लॅपटॉप येऊन बसला. घरच्या दुधाच्या रतिबाचा हिशेब तिने जावास्क्रिप्ट भाषेत बसवला होता. प्रत्येक घरासाठी एक बटण. ते दाबले की त्या घराच्या खात्यात एक लिटर चढायचे. पूजेआधी चाचणी म्हणून तीन घरांची तीन बटणे दाबली. तिन्ही लिटर शेवटच्या घराच्या नावे! आणि ते घर एकट्या राहणाऱ्या एका म्हातारीचे.

"आजोबा, बिल गेलं असतं तर?" नातीचा चेहरा उतरला.

वाचकहो, या चुकीची कुळी जुनी आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली अमेरिकेत एमआयटीत लिस्प भाषेचे काम आरंभले. त्या भाषेत कामाचा एखादा हुकूम दुसऱ्याच्या हाती सोपवता येई. पण हुकमातली नावे कोणत्या घरची समजायची? नव्या सुनेने 'आई' अशी हाक मारावी आणि सासूने ओ द्यावी, तसे होऊ लागले. जेम्स स्लॅगल यांनी असे एक फंक्शन लिहिले, ते नीट चालेना, तेव्हा त्यांनी तक्रार केली. मॅकार्थी यांना वाटले, किरकोळ चूक आहे, स्टीव्ह रसेल दुरुस्त करतील. रसेल यांनी केलीही. पण त्यासाठी हुकमाबरोबर त्याच्या माहेरची नावेही बांधून देण्याची नवी युक्ती काढावी लागली. अशा गाठोड्याला पीटर लँडिन यांनी १९६४ मध्ये 'क्लोजर' म्हटले. पुढे १९७५ मध्ये सस्मन आणि स्टील यांच्या स्कीम भाषेने हे माहेर पक्के केले.

आमच्या बटणांना माहेर होते. अडचण एवढीच की तिघींना मिळून एकच. क्लोजर नावातली त्या वेळची किंमत नव्हे, ते नावच धरून ठेवते. 'खाते' हे नाव नातीने 'व्हार' या शब्दाने मांडलेले, म्हणजे सगळ्या फेऱ्यांना मिळून एक; फेरे संपले तेव्हा त्यावर म्हातारीचे खाते बसलेले. २०१५ साली भाषेत आलेला 'लेट' प्रत्येक फेऱ्याला नवे नाव देतो.

एक शब्द बदलला, खाती कोरी केली. एक, एक, एक. मधले बटण पुन्हा दाबले; तिथे दोन, शेजारची खाती जिथल्या तिथे.

पूजेला अर्धा तास उशीर झाला. लॅपटॉपला कुंकू लावायचे कुठे, यावर आमच्या सौभाग्यवती आणि नात यांचे अजून एकमत व्हायचे आहे.