शिंग्रोबाचा रुपया

पुण्याहून पेणला मावशीकडे जायचं ठरलं की आजी आदल्या रात्रीच पिशवी भरून ठेवते. घाटात मळमळू नये म्हणून लिंबू नि आलेपाकाच्या वड्या, आणि रुमालाच्या गाठीत सुटे पैसे. ते शिंग्रोबाचे. खंडाळा मागे टाकून जुन्या रस्त्याने खोपोलीकडे उतरायला लागलं की कडेला एक लहानसं देऊळ लागतं. तिथे बाबांनी गाडी थांबवायचीच, हा आमच्या घरातला नियम माझ्या जन्माआधीपासूनचा आहे. कधी थांबायला जागा नसली तर आजी काच खाली करून नाणं टाकते आणि ते दगडावर वाजल्याचं ऐकू आलं की मगच काच वर घेते.

ही सवय तिला आजोबांमुळे लागली. आजोबा ट्रक चालवत. पुण्याहून गुळाच्या ढेपा भरून मुंबईला जायचं आणि येताना मिळेल तो माल घेऊन घाट चढायचा, असं त्यांनी वीस वर्षं केलं. एक्स्प्रेस-वे तेव्हा नव्हता, सगळी वाहतूक या एकाच वळणावळणाच्या रस्त्यावर. भरलेली गाडी पहिल्या गिअरवर रांगत चढायला लागली की किन्नर लाकडाचा ठोकळा हातात धरून शेजारून चालत राहायचा आणि गाडी थबकली रे थबकली की तो मागच्या चाकाखाली सारायचा. ‘ज्या गिअरवर चढतो त्याच गिअरवर उतरायचं,’ हे आजोबांचं वाक्य बाबांनी मला गाडी शिकवताना पहिल्याच दिवशी सांगितलं. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडणारे ड्रायव्हर आजोबांनी पाहिले होते. त्यांतल्या काहींच्या गाड्या दरीत पडलेल्याही पाहिल्या होत्या. शिंग्रोबापाशी ते नारळ फोडत, रेडिएटरमध्ये पाणी घालत, तोंडावर पाणी मारून चहा घेत आणि मग पुढे निघत. तेवढ्या वेळात इंजिन निवायचं आणि माणसाची झोपही उडायची. देवाला थांबणं आणि गाडीला थांबवणं त्या काळात एकच होतं.

गेल्या मे महिन्यात पेणहून परतताना स्टिअरिंगवर मी होते. पक्कं लायसन्स मिळून चारच महिने झाले होते. दुपारचे दोन वाजलेले, गाडीत आम्ही पाच जण, डिकीत मावशीने दिलेली आंब्यांची पेटी, पोहे आणि पापड. खोपोली सोडून काही वळणं चढलो तोच तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. देवळापर्यंत गाडी ओढू असं वाटून मी तशीच पुढे नेली. एका वळणावर समोरून टेम्पो आला, मी ब्रेक मारला, इंजिन बंद पडलं आणि गाडी मागे सरकायला लागली. हँडब्रेक खेचेपर्यंतचे ते दोन-तीन क्षण अजून अंगावर येतात. धाकट्या भावाने उडी टाकून चाकामागे दगड लावला. बॉनेट उघडलं तर वाफच वाफ. बाबा ‘झाकणाला हात लावू नको’ म्हणून ओरडले, पण तोवर मी रेडिएटरचं झाकण फिरवलं होतं. उकळतं पाणी उसळलं आणि उजवा तळहात भाजला.

थोड्या वरच्या अंगाला एक ठाकर बाई पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन बसली होती. ती हंडा घेऊनच खाली आली. ‘बाय, हात बुडव आन् काढू नको,’ एवढं बोलून तिने माझं मनगट धरलं आणि हंड्यात खालपर्यंत नेलं. तिचं पिण्याचं पाणी होतं ते. हात ठणकायचा थांबेतो ती माझ्याशेजारी उकिडवी बसून राहिली. आजीने नेहमीप्रमाणे शिंग्रोबाचा विषय काढला, तर तीच म्हणाली, ‘त्यानंच तर वाट दावली.’ मग तिने सांगितलेली गोष्ट घाटात सगळेच सांगतात तीच: इंग्रजांच्या साहेबांना डोंगरातून वाट सापडेना, शिंग्रोबा नावाच्या धनगराने मेंढरांमागून फिरून माहीत असलेली वाट त्यांना दाखवली. काय बक्षीस हवं असं विचारल्यावर तो म्हणाला, आमचा देश आम्हाला परत द्या. साहेबांनी त्याला गोळी घातली.

तासाभराने इंजिन निवलं, आणलेलं पाणी ओतलं आणि पुढची गाडी बाबांनी चालवली. पट्टी बांधलेल्या हाताने मला पंधरा दिवस काही लिहिता आलं नाही, म्हणून वाचत बसले. मी इतिहास घेऊन बी.ए. करते आहे. आमच्या बाईंनी सुट्टीत परिचयाच्या एखाद्या जागेचा इतिहास लिहून आणायला सांगितला होता, तेव्हा माझी जागा तर ठरूनच गेली.

सुरुवात नावापासूनच झाली. इंग्रजी पुस्तकांत सगळीकडे ‘भोर घाट’ छापलेलं असतं आणि ते वाचून मराठीतही बरेच लोक तसंच लिहू लागले आहेत. भोर हे गाव पार दुसरीकडे, नीरेच्या काठी. तिथून महाडला उतरणारा घाट वरंध्याचा. आपल्या घाटाचं नाव बोरघाट. कृपा करून ते तसंच लिहावं.

ही वाट साहेबांच्या कितीतरी आधीची आहे. घाटमाथ्याजवळ कार्ले, भाजे, बेडसे आणि खाली राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे, ही लेणी आडरानात खोदलेली नाहीत. कोकणातल्या बंदरांतून देशावर येणारा माल ज्या वाटांनी चढायचा, त्या वाटांच्या शेजारी ती आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचं आणि धेनुकाकटच्या यवनांचं नाव कोरलेलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ही माणसं पैसा खर्च करून इथे आपलं नाव ठेवून गेली. पुढे वंजाऱ्यांच्या, लमाणांच्या बैलांचे तांडे याच घाटांनी कोकणचं मीठ वर नेत आणि देशावरचं धान्य खाली आणत. पेणच्या मिठागरांचं मीठ ज्या रस्त्याने चढलं, त्याच रस्त्याने आमची आंब्याची पेटी चढत होती, हे वाचताना मला फार बरं वाटलं.

लढायांचा भाग मी थोडक्यात सांगते, कारण तो पुष्कळांनी लिहिला आहे. 1661 च्या फेब्रुवारीत मोगलांचा कारतलबखान बोरघाट टाळून शेजारच्या कुरवंड्याच्या घाटाने कोकणात उतरला आणि खाली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला दोन्ही बाजूंनी कोंडलं. 1779 च्या जानेवारीत बोरघाट चढून आलेल्या इंग्रजी फौजेला मराठ्यांनी तळेगावपर्यंत येऊ दिलं आणि वडगावला तह करायला लावला. त्या मोहिमेत कार्ल्याला मारला गेलेला कॅप्टन स्ट्युअर्ट म्हणजेच आपल्या लोकांच्या तोंडचा ‘इष्टुर फाकडा’. शत्रूच्या शौर्याला आपल्याकडे असं नाव मिळालं, याचा मला अभिमान वाटतो. त्याच काळातल्या नाना फडणविसांनी घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला तळं आणि महादेवाचं देऊळ बांधलं. घाट चढण्याआधी माणसा-जनावरांनी पाणी प्यावं, अशी ती जागा आहे.

गाडीरस्ता मात्र इंग्रजांनी केला. 1804 च्या सुमारास इंग्रज सेनापती वेलस्लीने तोफा जाऊ शकतील इतपत वाट रुंद करून घेतली होती. खरा बांधीव रस्ता 1830 मध्ये झाला आणि त्या वर्षी 10 नोव्हेंबरला मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम चाकांच्या गाड्यांतून घाट उतरून गेला. हमाल-पालखीचा आणि बैलाच्या पाठीचा घाट त्या दिवसापासून चाकाचा झाला.

यानंतर आगगाडी. मी सगळ्यात जास्त दिवस इथेच रमले. खालून लोहमार्ग 1856 मध्ये खोपोलीपर्यंत आला आणि वरचा खंडाळा–पुणे मार्ग 1858 मध्ये सुरू झाला. मधला घाट मात्र तसाच. खोपोलीला उतरलेला प्रवासी पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून खंडाळ्याला यायचा आणि तिथे पुन्हा गाडीत बसायचा. पाच वर्षं असं चाललं. घाटातल्या जवळपास 16 मैलांत गाडीला 1831 फूट चढायचं होतं. जेम्स बर्कली या इंजिनिअरने त्यासाठी 25 बोगद्यांचा मार्ग आखला, तरी एके ठिकाणी वळायला डोंगरच पुरेना. तिथे गाडी थांबवायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट दिशेने पुढचा चढ चढायचा, अशी तोड काढावी लागली. ते ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ 1929 पर्यंत चालू होतं. आजही वर येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं जोडावी लागतात. ती जोडेपर्यंत आपण वडा खातो तो याच चढामुळे.

हे काम करणाऱ्यांना वेळेवर मजुरी मिळत नव्हती. 1859 च्या सुरुवातीला थकलेल्या पैशांवरून मजुरांनी दंगा केला आणि त्याच वर्षी पहिल्या कंत्राटदाराने काम सोडलं. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच मरण पावला. मग त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट आपल्या अंगावर घेऊन ते पुरं केलं. त्या काळात एका बाईने हे केलं, आणि मी इतक्या वेळा त्या बोगद्यांतून जाऊनही तिचं नाव मला माहीत नव्हतं. 1861 मध्ये एका वेळी 42,000 च्या वर माणसं घाटात राबत होती. कड्यावरून दोराने खाली लोंबकळून पुरुषांनी सुरुंगाची भोकं पाडली, बायकांनी-पोरांनी माती वाहिली. झोपड्यांच्या वस्त्यांत पटकी शिरली की माणसं मरत आणि उरलेली काम टाकून गावाला पळत. 1863 मध्ये घाटातून गाडी धावली. साहेबांची नावं, त्यांची पत्रं, त्यांचे निबंध सगळं जपलेलं आहे. पण घाट फोडणाऱ्या त्या हजारोंमधल्या एकाचंही नाव मी वाचलेल्या पुस्तकांत मला सापडलं नाही.

शिंग्रोबाचंही नाव तिथे नाही. कुणी त्याची गोष्ट सडकेशी जोडतं, कुणी आगगाडीशी. म्हणून वर्गात एका मित्राने ती सरळ खोटी ठरवली. मला ते पटत नाही. घाटाची वाट तर आधीपासून होतीच, मग धनगराने वेगळं काय दाखवलं असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. बैलांची वाट सरळ चढते, दम लागला तरी जनावर ती ओढून काढतं. मेंढरं तशी चढत नाहीत. ती चरत चरत डोंगराच्या कुशीने आडवी जातात, थोडी थोडी वर सरकतात. गाडीला, मग ती चाकाची असो की रुळांवरची, नेमका असाच आडवा, हळूहळू चढणारा मार्ग लागतो. दुर्बिणी घेऊन आलेल्या साहेबाने अशी वाट विचारायची तर कोणाला? जो रोज मेंढरांमागे त्या कुशीने चालतो त्यालाच. बक्षिसाचा आणि गोळीचा भाग लोकांनी पुढे जोडला असेल, नसेलही. वाट दाखवणारा माणूस होता, यावर माझा विश्वास आहे, आणि त्याचं नाव लक्षात ठेवलं ते ड्रायव्हर लोकांनी. त्यांनी ते कागदावर ठेवलं नाही, खिशातल्या नाण्यावर ठेवलं.

घाटातल्या खुणा आता झपाट्याने जात आहेत. 1830 सालचा दगडी पूल, ज्याला त्यावरच्या जाहिरातीमुळे सगळे अमृतांजन पूल म्हणत, तो 2020 च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ता मोकळा असताना सुरुंग लावून पाडला. मी तेव्हा शाळेत होते. टीव्हीवर तो कोसळताना पाहून आजी उठून आत गेली. एक्स्प्रेस-वेवर वाहतूक तुंबायची, खांबांमुळे अपघात व्हायचे, हे खरं आहे, पण त्याचे चार दगड आणि एक पाटी तरी तिथे उभी करायला हवी होती असं मला आजही वाटतं. 2002 मध्ये एक्स्प्रेस-वे पूर्ण झाल्यापासून बहुतेक गाड्या शिंग्रोबाला न थांबताच उतरतात. आता एक्स्प्रेस-वेच्या ‘मिसिंग लिंक’ या नव्या रस्त्याचे बोगदे याच डोंगरातून गेले आहेत. त्यातून जाणाऱ्याला तर घाट दिसायचाही नाही.

निबंध पुरा झाल्यावर आम्ही मुद्दाम पुन्हा पेणला गेलो. देवळापाशी उतरले. नारळाच्या शेंड्या, भिजलेला भंडारा, आणि दगडाच्या फटीत अडकून काळं पडलेलं एक चार आण्याचं नाणं. चार आणे चलनातून 2011 मध्ये गेले, म्हणजे ते त्याआधीचं. ते कोणी टाकलं असेल ते असो, मी तिथेच राहू दिलं. करवंदांचा हंगाम संपला होता, ती ठाकर बाई भेटली नाही. तिचं नाव मी त्या दिवशी विचारलं नव्हतं.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरात ‘आमचा खापरपणजा घाटाच्या कामावर होता’ अशी आठवण कोणी सांगत असेल, तर त्याचं नाव, गाव आणि तो कुठल्या बोगद्यावर होता ते आजच वहीत लिहून ठेवा आणि सांगणाऱ्या माणसाला वाचून दाखवा.