घरी परतलेला सैनिक : छायाचित्रे, स्मृती आणि ग्रामीण इतिहासलेखन

पश्चिम महाराष्ट्रातील गावांचा दोन महायुद्धांशी आलेला संबंध प्रामुख्याने पलटणींचे इतिहास व शौर्यपदकांच्या नोंदी यांच्या आधारे अभ्यासला गेला आहे. या साधनांत भरती, लढाई आणि मृत्यू यांची नोंद सापडते; युद्ध संपल्यावर घरी आलेला तरुण मात्र त्यांत क्वचितच दिसतो. कुटुंबांकडील जुनी छायाचित्रे व मौखिक आठवणी ही उणीव कितपत भरून काढू शकतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने अनेक गावांत संगमरवरी स्मृतिफलक बसविले. गावातून युद्धावर किती माणसे गेली आणि त्यांपैकी कितींनी प्राण गमावले, एवढेच बहुधा त्यांवर कोरलेले असते. परत आलेल्यांची संख्या वाचकाला वजाबाकी करून काढावी लागते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) हे गाव त्या युद्धात कामी आलेल्या ४६ जवानांमुळे ओळखले जाते. त्याच गावी परतलेल्यांची ओळख तशी रूढ झालेली नाही.

परतणे ही साधी घटना नव्हती. मेसोपोटेमियातील कूत-अल-अमारा येथे ६ वी पुणे डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकली. तीत १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करावी लागली आणि सुमारे १३,००० जण तुर्कांच्या कैदेत गेले. त्यांपैकी अनेकांचा पायपिटीत व छावण्यांत अंत झाला. जे वाचले, त्यांतील बहुतेकांना १९१८ च्या युद्धविरामापर्यंत सुटकेची वाट पाहावी लागली.

दुसऱ्या महायुद्धातील दोन उदाहरणे या दृष्टीने बोलकी आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या या वीराचा पुतळा रायगड जिल्ह्यातील माणगाव येथे आहे. त्याच रेजिमेंटचे नामदेव जाधव हे अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील निमजचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी त्यांनी दोघा जखमी सहकाऱ्यांना पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणले आणि नंतर शत्रूची मशीनगन ठाणी निकामी केली. तेव्हा ते २३ वर्षांचे होते. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते परतले व १९८४ पर्यंत हयात होते. सन्मानपत्रात त्या एका दिवसाचा तपशील आहे. पुढील ३९ वर्षांना त्यात अर्थातच स्थान नाही. पदकप्राप्त वीराच्या बाबतीत ही स्थिती असेल, तर पदकाविना परतलेल्या सामान्य शिपायाची उपेक्षा सहज समजते. १९४५ मध्ये भारतीय सैन्याची संख्या सुमारे २५ लाख होती. युद्धोत्तर कपातीत त्यांतील फार मोठा भाग गावोगावी परतला.

अशा वेळी घरातील छायाचित्र महत्त्वाचे ठरते. टोपीवरील बिगुलाचे चिन्ह मराठा पलटणीकडे निर्देश करते. छातीवरील फितींवरून काळाचा अंदाज बांधता येतो. 'आफ्रिका स्टार' १९४३ मध्ये, तर 'इटली स्टार' व 'बर्मा स्टार' मे १९४५ मध्ये जाहीर झाले. साहजिकच शेवटच्या दोहोंपैकी एखादी फीत दिसत असल्यास ते छायाचित्र भरतीच्या वेळचे असू शकत नाही; ते युद्धाच्या अखेरचे किंवा त्यानंतरचे असते. कृष्णधवल चित्रात रंग कळत नाहीत, तथापि इटली स्टारच्या फितीवरील पाच समान पट्टे ओळखता येतात. चित्रामागील स्टुडिओचा शिक्का स्थळ सांगतो.

छायाचित्राच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. स्टुडिओत ताठ उभा राहिलेला शिपाई आपले भय, आजार वा अबोला कॅमेऱ्यापुढे ठेवत नाही. ते घरातल्यांना ठाऊक असते, विशेषतः आई, पत्नी व बहिणींना. उलटपक्षी, आठवणींत काळाची व स्थळांची सरमिसळ होते. म्हणून चित्र, सेवापुस्तिका आणि आठवण ही तिन्ही साधने परस्परांशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.

बारामती तालुक्यातील वडगाव निंबाळकर व नीरा खोऱ्यातील अन्य गावांत असे संकलन महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हाती घेता येईल. चित्रातील व्यक्तीचे नाव सांगू शकणारी पिढी आता जवळजवळ संपली आहे. नाव हरवले की छायाचित्र राहते, परंतु साधन म्हणून त्याचे मोल उणावते. फलकाने सोडून दिलेली वजाबाकी नावानिशी पूर्ण करणे, हे स्थानिक इतिहासाचे कार्य आहे आणि ते लांबणीवर टाकण्याजोगे नाही.